मोरेसर आणि बिनआडनावाचा राक्षस

मोरेसर नाशिकला मुलीकडे राहायला गेले त्याला आता वर्ष होत आलं, पण त्यांच्यावर चिडायची माझी सवय काही सुटलेली नाही. सकाळी चहा घेताना अजून वाटतं, आता बेल वाजेल, दारात मोरेसर उभे असतील, काखेत चित्रांचं बाड असेल आणि नमस्कार-चमत्कार काही न करता म्हणतील, "बाई, कालची पानं टाकून द्या. सगळं बदललंय." ज्या पानांवर मी मान मोडून अक्षरं काढलेली असायची, तीच पानं! गेलेल्या माणसांची आठवण म्हणे डोळ्यांत पाणी आणते. मोरेसरांची आठवण आली की माझं डोकं तापतं, त्याला मी काय करू?

ठाण्याच्या एकाच शाळेत आम्ही नोकरी केली. ते चित्रकला शिकवायचे, मी मराठी. वर्तकनगरला आमच्या इमारतीही शेजारी-शेजारी. निवृत्त झाल्यावर माणसं यात्रेला जातात, हास्यक्लबात जातात, निदान सोसायटीच्या बाकावर बसून सुनांच्या तक्रारी करतात. मोरेसरांनी भुताखेतांची कॉमिक्स काढायला घेतली. आणि माझं अक्षर चांगलं, हा माझा गुन्हा. चित्रातल्या माणसांच्या तोंडचे फुगे असतात ना, त्यातला मजकूर मी लिहायचा, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं. मला विचारलंसुद्धा नाही. बाड आणून टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "शुद्धलेखन तुमचं, राक्षस माझा."

ती जुनी विलायती गोष्ट बहुतेकांना माहीत असते. एक हुशार माणूस मेलेल्यांचे अवयव जोडून एक राक्षस तयार करतो, त्यात जीव भरतो, आणि राक्षसाने डोळे उघडून बघितल्यावर स्वतःच घाबरून पळून जातो. राक्षसाला नाव ठेवायलाही थांबत नाही. मोरेसरांनी ही गोष्ट उचलून ठाण्यात आणून ठेवली. राक्षस करणारा डॉक्टर घोडबंदर रोडच्या टॉवरमधला. तो पळतो तो थेट बदलापूरला. राक्षस शुद्धीवर येतो वागळे इस्टेटमधल्या एका बंद पडलेल्या कंपनीच्या शेडमध्ये. आता राक्षस म्हटल्यावर त्याने काय करावं? माणसं खावीत, किंकाळ्या फोडाव्यात. मोरेसरांचा राक्षस उठतो, अंग झटकतो आणि भाड्याने खोली शोधायला निघतो.

बस्स, एवढंच भय. राक्षस दार वाजवतो. दार किलकिलं होतं. आतला माणूस त्या टाके घातलेल्या चेहऱ्याकडे बघतो आणि विचारतो, "आडनाव काय?"

त्याला आडनाव कुठून असणार? पाय एका गिरणी कामगाराचे, हात एका भटजींचे, जीभ मिठागरावरच्या आगरी बाईची, आणि काळीज कोणाचं ते डॉक्टरच विसरलेला. राक्षस आपला गप्प उभा राहतो. आणि आतला माणूस त्या टाक्यांना जेवढा घाबरत नाही, तेवढा त्या गप्प राहण्याला घाबरतो.

सरांनाही लोक हा प्रश्न आयुष्यभर विचारत आले. ते मूळचे महाडकडचे, बौद्ध. पण मोरे हे आडनाव सगळ्या जातींत असतं, त्यामुळे विचारणाऱ्याची पंचाईत व्हायची. "मोरे म्हणजे कुठले मोरे?" असं कोणी गोड आवाजात विचारलं की सर तितक्याच गोड आवाजात सांगायचे, "वर्तकनगरचे. पाण्याच्या टाकीजवळ." स्टाफरूममध्ये एका नव्या शिक्षकाने मधली अख्खी सुट्टी खर्च करूनही सर त्या टाकीच्या पलीकडे सरकले नव्हते.

माझी पहिली भांडणं झाली ती राक्षसाच्या भाषेवरून. मी फुग्यात लिहिलं, 'मला एक खोली हवी आहे.' सरांनी कागद परत केला. "जीभ आगरी आहे, बाई. शुद्ध कसं बोलेल?" मी म्हटलं, "मुलं वाचणार आहेत." तर म्हणाले, "मुलांना कळतं. तुम्हालाच अडचण आहे." शेवटी वागळे इस्टेटमधल्या आमच्या छापखान्याचे मालक भोईरशेठ यांना मध्ये घेतलं. ते तिथलेच, आगरी. औषधांची खोकी आणि बिलबुकं छापायचा त्यांचा धंदा, पण सरांच्या नादाला लागून कॉमिक छापायला तयार झालेले. त्यांनी चष्मा वर केला, माझं वाक्य वाचलं आणि पोट धरून हसले. "असा कोन बोलतं, बाई? 'मना एक खोली पायजे.' एवढाच. राक्षस हाय तो, कलेक्टर नाय." पस्तीस वर्षं मराठी शिकवून मी एका राक्षसाची भाषा बिघडवत बसले होते.

सरांचं म्हणणं असं की भूत काढणं सोपं, घाबरलेला माणूस काढणं अवघड. आणि त्यांचा एक हट्ट होता: न पाहिलेला चेहरा काढायचा नाही. त्यामुळे ते जिथे जातील तिथे लोकांना घाबरवत सुटायचे. जिन्यात दबा धरून बसायचे. माझ्या घरी येऊन शांतपणे म्हणायचे, "बाई, तुमच्या गॅसचा वास येतोय," आणि मी स्वयंपाकघरात धावले की मागून वही काढून माझं तोंड टिपायचे. दुसऱ्या भागात पान सातवर जी बाई पदराने तोंड झाकून उभी आहे ती मी आहे. हे मला माझ्या भाचीने दाखवलं. यावर त्यांचं उत्तर, "चांगल्या घाबरता तुम्ही. उगाच नाटक नसतं." याला कौतुक समजायचं का, हे मला अजून कळलेलं नाही.

पण खरा कहर झाला तो सामंतकाकांचा. सामंत त्यांच्या सोसायटीचे सेक्रेटरी. सरांनी तिसऱ्या भागात त्यांना जसंच्या तसं घातलं: तीच टोपी, तोच किल्ल्यांचा जुडगा, तीच खाकरण्याची सवय. चित्रातले सेक्रेटरी राक्षसाला गेटवरच अडवतात, 'कुटुंबवत्सल माणसांची सोसायटी आहे ही' म्हणतात आणि वरून सगळ्या इमारतींना कळवतात की याला जागा देऊ नका. मी सरांना म्हटलं, "सर, राहायचंय ना तुम्हाला तिथे?" ते ऐकतात कसले! भाग छापून आला आणि सामंतकाका स्वतः माझ्याकडे आले. मी माफीची तयारी केली. तर काका खूश! "चेहरा काय हुबेहूब काढलाय हो मोऱ्यांनी. गणपतीत बक्षीस म्हणून वाटू या." आणि खरंच वाटलं. अख्ख्या सोसायटीत घरोघरी ते कॉमिक सेक्रेटरींच्याच हस्ते पोचलं. पुढे कोणी तरी वाचून दाखवल्यावर काका सरांकडे गेले, आम्ही सगळे मागोमाग. काकांची तक्रार एकच होती: "आपल्या बिल्डिंगला लिफ्ट आहे, मोरे. तुम्ही जिना का दाखवलात? लोकांना काय वाटेल?"

सर मला म्हणाले, "बघा बाई. मी त्यांना लाज वाटेल म्हणून काढलं, त्यांना लिफ्टची लाज वाटली."

डोंबिवलीच्या एका वाचनालयात सरांना बोलावलं होतं, तिथेही मला सोबत नेलं. छान कार्यक्रम, फुलं, समई. नंतर एक सुशिक्षित गृहस्थ उठले आणि अत्यंत सौम्यपणे म्हणाले, "मूळ गोष्ट वैश्विक आहे. त्यात जात कुठे होती? ती तुम्ही उगाच आणलीत असं नाही वाटत?" मला वाटलं आता सर चिडतात. पण ते म्हणाले, "मी काही आणलं नाही हो. मी फक्त राक्षसाला इकडे आणलं. बाकीचं इथे होतंच." गृहस्थांनी टाळ्या वाजवल्या. परत येताना रिक्षात सर एकदम म्हणाले, "वहीच काढायला हवी होती. काय सुंदर घाबरले होते ते."

तिसऱ्या भागाचं नाव 'भाचा येणार आहे'. राक्षस जिथे जिथे खोली मागतो तिथे मालक त्याला आत घेतात, खोली दाखवतात, पाणी कधी येतं ते सांगतात आणि मग चौकशी झाली की म्हणतात, "अहो, विसरलोच. आमचा भाचा येणार आहे गावाहून." प्रत्येक पानावर एक नवा भाचा. मी म्हटलं, "सर, हे अती होतंय." उत्तर मला मालतीवहिनींनी, त्यांच्या बायकोने दिलं.

सर-वहिनींचं लग्न नवं होतं, सरांची शाळेतली नोकरीही नवी. दोघं ठाण्यात खोली शोधत फिरत होते. एका बाईंनी खोली दाखवली, कपडे वाळत कुठे घालायचे ते दाखवलं, अगदी मायेने सगळं समजावलं. वहिनींना दिवस गेलेले होते. "पाळणा कुठे टांगायचा ते मी बघूनसुद्धा ठेवलं होतं," वहिनी मला म्हणाल्या. मग आडनाव झालं, गाव झालं, घरात देव कुठले ते झालं. आणि मग त्या बाईंचा भाचा आला. पुढच्या घरीही भाचा. त्याच्या पुढच्या घरीही. "एवढे सगळे भाचे ठाण्यात येणार होते तर गेले कुठे हो सगळे?" असं म्हणून वहिनी हसल्या. मी जोशी. मला घर शोधताना कोणाच्या भाच्याची अडचण आली नाही. मला हसू आलं नाही. पुढे त्यांना वर्तकनगरचं घर मिळालं ते सरकारी सोडतीत, चिठ्ठी निघून. सर म्हणायचे, चिठ्ठीला भाचे नसतात.

चौथा भाग शेवटचा. तो काढायच्या वेळी वहिनींचं दुखणं वाढलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं, आता घरीच ठेवा, आवडेल ते खाऊ द्या. याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. वहिनींचं एकच मागणं होतं. "बाई, तुम्ही तरी सांगा यांना. त्या राक्षसाला एक खोली द्या म्हणावं. कोणी तरी दार उघडलेलं मला बघून जाऊ दे."

आणि हा माणूस काढेना! सगळा भाग तयार, फक्त शेवटचं पान कोरं. भोईरशेठचे फोन येत होते, वहिनी दिवसेंदिवस बारीक होत होत्या, आणि सर पेन्सिल घेऊन बसून राहायचे. माझा तोल सुटला. मी म्हटलं, "काढा ना एक दार! कागद तर आहे! एक बाई काढा, दार उघडतेय, हसतेय, 'या' म्हणतेय. झालं!"

"कोण बाई?" सर म्हणाले. "नाव सांगा. फ्लॅट सांगा. मी जाऊन बघून येतो आणि काढतो. असली दारं खोटी काढली तर हिला कळणार नाही का? तिने खरी पाहिलेली आहेत."

बायकोच्या शेवटच्या इच्छेलाही हा माणूस खोटं चित्र द्यायला तयार नव्हता. त्या दिवशी मी त्यांच्याकडचा चहा न घेता निघून आले.

दोन-तीन दिवसांनी वहिनींचा फोन. "बाई, जरा यांच्याबरोबर जा हो. कोणी तरी मारेल यांना." मी गेले तर सर आरशासमोर. शाळेच्या गॅदरिंगला मेकअप करायची पेटी उघडलेली. गालावर, कपाळावर डिंकाने दोरा चिकटवून टाके घातलेले, कडेने जांभळा रंग. सत्तरीचा माणूस भर दुपारी राक्षस होऊन बसलेला. म्हणे, "दारं वाजवून बघतो. एक तरी चेहरा मिळेल."

मी छत्री उघडून पेरूवाल्याच्या गाडीपाशी उभी राहिले, ओळख नसल्यासारखी. सरांनी वर्तकनगरातल्या इमारतींत दारं वाजवली. कुठे दाराच्या भोकाला आतून डोळा लावलेला दिसायचा आणि मग सगळं चिडीचूप. कुठे "आम्हाला काही नको." कुठे "पार्सल वॉचमनकडे ठेवा." एकाने दार उघडलं, फोटो काढला, लावून घेतलं. तासाभरात माझ्या मोबाइलवर सामंतकाकांचा मेसेज: 'सावधान! परिसरात जखमी चेहऱ्याचा संशयित वृद्ध फिरत आहे. दार उघडू नये.' सोबत सरांचा फोटो. मी तो सरांसमोर धरला. "हे तुम्ही आहात, सर. घरी चला." त्यांनी फोटो मोठा करून पाहिला आणि म्हणाले, "हात हललाय काढणाऱ्याचा. घाबरलाय बिचारा."

गोष्टीतला राक्षस ठाण्यात सगळीकडून नकार मिळाल्यावर पलीकडच्या दिवा गावी जातो. कमी भाड्यात जागा हवी असलेली माणसं शेवटी तिथेच जातात. म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही दिव्याला. ऊन रणरणतं, इमारतीला इमारत चिकटलेली, प्रत्येक मजल्यावर निळी पिंपं. सरांच्या चेहऱ्यावरचा रंग घामाने ओघळायला लागला होता. दोन दारं बंद झाली. तिसरं वाजवायला त्यांनी हात उचलला, तेवढ्यात ते आतूनच धाडकन उघडलं. कमरेवर कळशी घेतलेली एक बाई.

"टँकर आला का?"

मग तिने सरांच्या तोंडाकडे पाहिलं. मी मागे पायरीवर. मी डोळे मिटून घेतले.

"अगं बाई! काय झालं हे काका? कोणी मारलं?" कळशी खाली आपटल्याचा आवाज आला. "टाके ओले झालेत की सगळे! या, या आत. बसा पंख्याखाली." आणि मग माझ्याकडे वळून, "तुम्ही मिसेस का यांच्या? अहो, असल्या माणसाला उन्हात काय हिंडवताय? अक्कल आहे की नाही?"

आयुष्यभर ज्यांचं उत्तर तयार असायचं, ते खुर्चीत पुतळ्यासारखे बसून त्या बाईकडे टक लावून बघत होते. बाईने पिंपातून मोजून पाणी काढलं, कोमट केलं, स्वच्छ फडकं घेतलं आणि हळूच त्यांचा गाल पुसायला लागली. दोरा सुटून तिच्या हातात आला. तिने दोऱ्याकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं.

"चित्र काढायचं होतं," सर कसेबसे म्हणाले. मी पुढे होऊन सगळं सांगितलं, कॉमिक, राक्षस, घरी आजारी बायको.

"म्हणजे लागलं नाही तुम्हाला?"

"नाही."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि मग तिचा असा काही पारा चढला! "पण माझं पाणी गेलं की हो तुमच्या तोंडावर! परवापासून टँकर नाही इथे! वय काय, धंदे काय! आणि तुम्ही बाई, शिकलेल्या दिसता!" असं बोलता बोलताच तिने उरलेल्या पाण्याचा चहा टाकला. चहा होईपर्यंत आम्ही दोघांनी खाली मान घालून बोलणी खाल्ली. माझ्या मनातलं इतक्या वर्षांचं सगळं ती बाई सरांना ऐकवत होती, आणि मला त्याचं समाधान मिळण्याऐवजी निम्मं माझ्याच वाट्याला येत होतं.

तो भाग पुढे छापला गेला. वहिनींनी छापील प्रत पाहिली नाही, तोवर त्या राहिल्या नाहीत. पण शेवटचं पान त्यांनी पाहिलं, तेव्हा मी तिथे होते.

दिव्याहून आल्याच्या दुसऱ्या दिवशी सर्वांत आधी सरांनी ते वहिनींच्या हातात दिलं. वहिनी उशांना टेकून बसल्या होत्या. चित्रात राक्षस नव्हताच, त्याची नुसती सावली उंबऱ्यावर पडलेली. दार सताड उघडं आणि दारात ती बाई, कमरेवर कळशी, चेहऱ्यावर वैताग आणि काळजी एकदमच. फुग्यात मी लिहिलं होतं, 'या आत.' वहिनींनी पान जवळ धरलं.

"हिने आडनाव विचारलं नाही?"

"नाही," सर म्हणाले.

"वेळ कुठे होता तिला?" मी म्हटलं. "मलाच झापत होती."

वहिनी हसल्या. मग म्हणाल्या, "चहा दिला?"

"दिला."

"कशात?"

मला प्रश्न कळला नाही. सरांना लगेच कळला. वहिनी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "त्या पाळणावाल्या बाईंनीपण चहा दिला होता, बाई. आमच्यासारख्यांसाठी खिडकीत एक कप वेगळा ठेवलेला असायचा, त्यातून."

सर म्हणाले, "कपातच दिला. घरात दोनच होते. एक या बाईंना, एक मला. ती स्वतः वाटीतून प्यायली."

मला ते दिव्यात दिसलं होतं, पण मी पाहिलं नव्हतं.

"मग ते काढा ना," वहिनी म्हणाल्या. "दार काय, चुकूनपण उघडतं."

सरांनी पान ओढून घेतलं आणि रबर उचललं. मोबाइल वाजला. भोईरशेठ. "बाई, मशीन थांबवून बसलोय ना मी!"

"बसा," मी म्हटलं आणि फोन ठेवून दिला.

सर पलंगाच्या कडेला वाकून बसले होते. कागदावर राक्षसाचा तो टाके घातलेला हात पहिल्यांदाच कशाभोवती तरी, एका कपाभोवती, मिटत होता, आणि वहिनी बोट लावून सांगत होत्या, "भरलेला काढा हं. अर्धा नको."